मुक्या पट्ट्या बोलत्या करताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या रविवारी डॉक्टरीणबाई मधुमेहावर बोलल्या, त्याआधीच्या रविवारी वकीलसाहेब मृत्युपत्रावर बोलले. दोन्ही विषय ऐकून घरी जाताना आपण सगळेच जरा गंभीर झालो होतो. त्यामानाने आजचा विषय हलका आहे. समोर टेबलावर ठेवलेला हा सिंथेसायझर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आपल्या मास्तरांचा. पंचवीस वर्षांतल्या पहिल्याच गणपतीत आरतीला साथ केली ती यानेच. मास्तर गेल्यावर काकूंनी तो सोसायटीला दिला, आणि पुढचे चार पावसाळे त्याने ऑफिसच्या कपाटामागे, भिंतीच्या ओलीला टेकून काढले. बाहेर काढला तेव्हा ६१ पट्ट्यांपैकी १९ मुक्या होत्या. एका दुकानदाराने सांगितलं, “आतलं सगळं गेलंय, नवा घ्या.” कमिटीच्या सभेत ‘भंगारात देणे’ असा विषयही आला. मी दोन महिने मुदत मागितली. माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. हजारो बारीक संपर्क स्वच्छ ठेवण्यात आयुष्य गेलं, म्हणून म्हटलं, बघू तर खरं. त्या दोन महिन्यांत काय केलं ते आज सांगतो. तुमच्यापैकी कितीतरी घरांत मुलांसाठी हौसेने घेतलेला कीबोर्ड माळ्यावर चादरीत गुंडाळून पडलाय हे मला ठाऊक आहे. त्याच्या उपयोगी पडेल.

आधी थोडी ओळख. मुंबईचे चरणजितसिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा रागांची तबकडी केली. त्यात त्यांनी वाजवलेला जुपिटर-८ हा रोलँड कंपनीचा. त्याची पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच. आपल्या पेटीसारखंच, पेटीत जोर भात्याचा, बोटाचा नव्हे. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला. त्यातला आवाज घडवण्याचा मार्ग अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधलेला. त्याच्या पट्टीला मात्र बोटाचा जोर कळायचा. हळू दाबली तर सूर हळू, जोरात दाबली तर खणखणीत. मास्तरांचा सिंथेसायझर याच दुसऱ्या जातीचा.

आता गंमत बघा. जोर कळतो म्हणजे आत वजनकाटा असतो का? नाही. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात, एक आधी लागणारा आणि एक किंचित नंतर लागणारा. पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला ते आतला प्रोसेसर मोजतो. वेळ कमी, म्हणजे बोट वेगात आलं, म्हणजे सूर मोठा. तबल्याच्या थापेचा जोर डोळे मिटून, नुसत्या घड्याळावर ओळखावा तसा हा प्रकार. ६१ पट्ट्यांचे दोन-दोन म्हणजे १२२ संपर्क झाले. यातला एक संपर्क मळला तरी पट्टी बिघडते. एकतर बोलत नाही, नाहीतर एकदम ओरडते. शेजारची पट्टी नीट आणि हीच मध्येच किंचाळते, असं असेल तर समजा की आवाज बिघडलेला नाही, एक संपर्क उशिरा लागतोय.

हा संपर्क म्हणजे असतो तरी काय? टीव्हीचा रिमोट ज्यांनी उघडलाय त्यांना लगेच कळेल. खाली सर्किटची पाटी, तिच्यावर काळ्या कार्बनचे जवळजवळ आखलेले पट्टे. वर सिलिकॉन रबराची पट्टी, तिला छोटे छोटे घुमट, घुमटाच्या पोटात कार्बनची काळी टिकली. बोटाने दाबलं की घुमट खचतो, टिकली पट्ट्यांवर टेकते आणि वीज वाहते. बोट उचललं की रबर फुगून पूर्ववत. त्याहून जुन्या, सत्तरच्या दशकातल्या वाद्यांत रबर नसून तार असते. मिनीमूग नावाच्या प्रसिद्ध वाद्यात ४४ पट्ट्या आहेत आणि त्यांच्याखाली वाकड्या बारीक तारा एका दांडीला जाऊन टेकतात. तत्त्व एकच, शत्रूही तेच: धूळ, घाम, तेलकटपणा आणि आपला पावसाळा.

दुरुस्तीची सुरुवात पेचकसाने करायची नसते, वही-पेन्सिलीने करायची. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुलींना मी बसवलं. एकीने डावीकडून एकेक पट्टी दाबायची, दुसरीने लिहायचं: बोलते, बोलत नाही, ओरडते. अर्ध्या तासात नकाशा तयार झाला. त्यात दिसलं की १९ पैकी ८ मुक्या पट्ट्या सलग, एकमेकींना चिकटून होत्या. उरलेल्या ११ विखुरलेल्या.

सलग आठ हा मोठा पुरावा आहे. १२२ संपर्कांना १२२ वायरी द्यायच्या तर केवढा गुंता होईल! म्हणून आठ-आठ पट्ट्यांचे गट करतात आणि उभ्या-आडव्या जाळ्यात त्या जोडतात. आपल्या इमारतीसारखंच: मजला सांगा आणि फ्लॅट सांगा, पत्ता मिळाला. आठ गटांच्या आठ वायरी आणि आठ पट्ट्यांच्या प्रत्येकी दोन म्हणजे सोळा, अशा २४ वायरींत काम भागतं. तेव्हा अख्खा गट मुका झाला तर आठही रबरं एकदम मळली असं नसतं. त्या गटाची वायर कुठेतरी सुटलेली असते. पूर्ण मजल्याची वीज गेली तर आपण प्रत्येक घरातला बल्ब बदलतो का? तसं. उघडल्यावर जोडणीच्या टोकाशी एक डाग तडकलेला सापडला. सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंद टेकवली आणि आठ पट्ट्या एकदम बोलल्या. ‘आतलं सगळं गेलंय’ म्हणतात त्यातलं जवळजवळ निम्मं इथंच परत आलं.

पण उघडण्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच. मास्तरांनी या वाद्यात स्वतः घडवलेले काही आवाज साठवून ठेवले होते. बटण दाबलं की छोट्या पडद्यावर नाव येतं: ‘पेटी २’, ‘आरती’, ‘भूप’. हे आवाज कंपनीने दिलेले नाहीत. जगात दुसऱ्या कुठल्याही वाद्यात ते नाहीत. आणि ते टिकून राहतात ते आत बसवलेल्या नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या बॅटरीच्या जोरावर. ती संपली किंवा काढली की आठवण पुसली. पट्ट्या परत मिळतात, रबर बाजारात मिळतं, मास्तरांचा ‘भूप’ कुठे मिळणार? म्हणून पेचकस हातात घेण्याआधी मागच्या ‘मिडी’ नावाच्या भोकातून वायर लावून सगळे आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. ही सोय १९८३ पासूनच्या वाद्यांत येऊ लागली. आमच्या बाजूच्या इंजिनिअर मुलाने पाच मिनिटांत ते केलं आणि दोन ठिकाणी जपून ठेवलं. मग बॅटरी बदलली, आवाज परत आत भरले. काकूंना बोलावून ‘पेटी २’ ऐकवलं. त्या काही बोलल्या नाहीत, थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, “हाच.” त्या एका शब्दानंतर हे वाद्य भंगारात जाणार नाही, एवढं माझ्यापुरतं ठरलं.

आता उरल्या ११. नकाशा बघत होतो तेव्हा लक्षात आलं की बहुतेक मुक्या पट्ट्या मधल्या सप्तकातल्या आहेत: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. गाणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. काळी एकचा षड्ज धरला तर हा सरळ भूप आहे: सा रे ग प ध! मास्तरांचा गळा काळी एकचा. वर्षानुवर्षं त्यांनी मुलांना पहिला राग शिकवला तो भूप. चपलेची टाच जशी चालणाऱ्याच्या सवयीने झिजते, तशा या पट्ट्या झिजल्या.

पट्ट्या काढण्याची रीत सांगतो. वाद्य बंद, प्लग भिंतीतून बाहेर. बंद केल्यावरही वीजपुरवठ्याच्या भागात हात घालायचा नाही, तिथल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. ज्याला माहीत नाही त्याने तो भाग उघडूच नये. प्रत्येक पायरीला मोबाईलने फोटो काढायचा. निघालेले स्क्रू मुखवासाच्या डबीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायचे. पट्टीमागे स्प्रिंग असते, ती डोळ्यात उडू शकते, म्हणून चष्मा हवाच. बहुतेक वाद्यांत आधी पांढऱ्या निघतात, मग त्यांच्यामध्ये अडकलेल्या काळ्या. पांढऱ्या सगळ्या सारख्या दिसतात पण सारख्या नसतात. काळ्यांसाठी सोडलेली खाच प्रत्येकीची वेगळी. ‘सा’ची पट्टी ‘रे’च्या जागी बसणार नाही. म्हणून काढताक्षणी आतल्या बाजूला पेन्सिलीने नंबर घालायचा. मग पट्ट्या कोमट साबणाच्या पाण्यात. हे काम महिला मंडळाने केलं आणि पाणी बघून जे उद्गार काढले ते स्मरणिकेत छापता येणार नाहीत.

सर्किटच्या पाटीसाठी मेडिकलचं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘आयपीए’ मागा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के शुद्धतेचं. धागे न सुटणाऱ्या कापडाला किंचित लावून कार्बनचे पट्टे हलकेच पुसायचे. रबर घासायचं नाही. टिकलीवरून स्वच्छ, ओलसर कापड फिरवायचं आणि सावलीत पूर्ण वाळवायचं. पॉलिशपेपर, रॉकेल, थिनर यातलं काहीही चालत नाही. गंज सोडवण्याचा स्प्रे तर नकोच. तो मारला की आज सूर लागतो आणि त्याच्या तेलावर उद्या दुप्पट धूळ बसते. तारेचे संपर्क असतील तर आयपीएत भिजवलेली कोऱ्या कागदाची चिंधी तारेखाली धरून अलगद ओढायची. एक्स्चेंजमध्ये आम्ही हेच करायचो. घासलं तर वरचा मुलामा जातो आणि मग तो संपर्क कायमचा गेला.

इतकं केल्यावर ११ पैकी ७ बोलल्या. चार नाही. मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं. चांगली टिकली दाबल्यावर काही शे ओहम दाखवत होती, या चार कित्येक हजार. मळ नव्हता, कार्बनच झिजला होता. नवं रबर मागवायचं तर वाद्य इतकं जुनं की नेमका साचा मिळेना. मग आपल्या घरातली युक्ती वापरली. चादर मधोमध विरली की आजी ती उभी फाडून कडा मध्ये आणायची आणि शिवायची, आठवतं? इथं रबराची एक पट्टी बारा सुरांची, म्हणजे एका सप्तकाची असते. अगदी खालच्या, खर्जाच्या सप्तकाची पट्टी कोरीच होती. ती मध्ये आणली आणि मधली झिजलेली खाली नेली. झिजलेल्या चार टिकल्यांना ग्राफाइटचा रंग लावून दोन दिवस वाळवलं. दोन नीट झाल्या. दोन अजून रुसलेल्या आहेत, खालच्या सप्तकातली काळी चार आणि काळी पाच. जोर देऊन दाबल्या तर बोलतात. आरतीत तिथे कुणी जात नाही, आणि ज्याला जायचं असेल त्याने जोर द्यावा!

सगळा खर्च झाला ₹६८०, बॅटरीसकट. पावत्या खजिनदारांकडे दिल्या आहेत.

मला एवढंच म्हणायचंय की सगळंच दुरुस्त होतं असं नाही. कधी पाटीच जळलेली असते, आणि तेव्हा ‘नाही होणार’ म्हणावं लागतं. पण ते म्हणण्याआधी एकदा वही-पेन्सिल घेऊन बसावं, कुठलं बोलतं आणि कुठलं नाही हे मोजावं. १९ ऐकून घाबरायला होतं. खरं तर बिघाड निघाले एक तडकलेला डाग, सात मळलेले संपर्क आणि चार झिजलेल्या टिकल्या. एकोणीस दुखणी नव्हती, तीन होती.

आता माळ्यावरच्या कीबोर्डसाठी चार कामं. एक, पावसाळ्याआधी खाली काढा, आत सेल असतील तर आजच काढून टाका. ते पाझरले की धातू खातात. दोन, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, ओल आत कोंडते. सुती कापड घाला. तीन, भिंतीला टेकवू नका. चार, आणि हेच खरं औषध: आठवड्यातून एकदा सगळ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत वाजवा. वापरातल्या संपर्कावर मळ धरायला वेळ मिळत नाही.

रौप्यमहोत्सवाच्या आरतीला हाच वाजणार आहे, ‘आरती’ नावाच्या त्याच आवाजात. वाजवणार आहेत नकाशा तयार करणाऱ्या त्या दोघी. शनिवारी संध्याकाळी ऑफिसात मी बसलेला असेन. तुमचा कीबोर्ड घेऊन या, येताना स्क्रूसाठी एक डबी आणा. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. चहा आलाय, त्यामुळे प्रश्न थोडक्यात.