शिल्लक कामाचा मेळ

आठवडा संपत आला, की मनात दोन भावना एकदमच उभ्या राहतात. उद्या सुट्टी आहे याचे समाधान, आणि हातातले काम पुरे झाले नाही याची रुखरुख. निकालात न निघालेल्या फायली, तपासावयाच्या उत्तरपत्रिका, उत्तराची वाट पाहणारी पत्रे, यांतले काही ना काही उरतेच. मग सुट्टीचा दिवस उगवतो खरा. पण त्या दिवशी धड काम होत नाही आणि धड विसावाही मिळत नाही.

ही सुट्टी आपणांस सहजासहजी लाभलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस तरी विश्रांती मिळावी, म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मागणी पुढे केली. रविवारची सुट्टी पदरात पडावयास १८९० साल उजाडावे लागले. भोंगा झाला म्हणजे कामगाराचा माग गिरणीतच राहत असे. लेखणीचे काम करणाऱ्यांचे मात्र तसे नाही. त्यांचे काम डोक्यात बसून घरी येते. आता तर ते खिशातल्या फोनमधूनही येते. इतक्या कष्टाने मिळालेला दिवस आपण असा नकळत परत करून टाकावा काय?

अपुरे काम मनाला का टोचते, याचा विचार मानसशास्त्रज्ञांनीही केला आहे. ब्लूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ साली बर्लिन येथील आपल्या प्रयोगांवरून असे मांडले, की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मध्येच तुटलेले काम अधिक आठवते. पुढील सर्वच प्रयोगांनी या मताला पुष्टी दिली नाही. तथापि २०११ साली मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकन संशोधकांनी एक उपयुक्त गोष्ट दाखवून दिली. अपुरे काम केव्हा व कसे करावयाचे, याची निश्चित योजना आखली, की ते पुरे होण्यापूर्वीच मनातला त्याचा उपद्रव कमी होतो.

आपल्या पेढीवरच्या दिवाणजीला हे मर्म फार पूर्वीपासून ठाऊक होते. सगळी येणी वसूल होईपर्यंत तो दिवा जाळीत बसत नसे. दिवसाची जमा आणि नावे मांडून तो रोजमेळ जुळवी, उरलेली श्रीशिल्लक दुसऱ्या दिवसाच्या पानावर ओढी आणि वही मिटून घरी जाई. व्यवहार चालूच असे. दिवस मात्र मिटलेला असे.

मोठ्या कार्यांनाही हाच न्याय लागू पडतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ साली हाती घेतले. १९४३ साली ते निवर्तले तेव्हा कितीतरी पर्वे व्हावयाची होती. परंतु हस्तलिखितांची छाननी कशी करावी आणि पाठ कसा निवडावा, याची पद्धत त्यांनी १९३३ सालीच आदिपर्वाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवली होती. म्हणून डॉ. बेलवलकर आणि डॉ. प. ल. वैद्य यांना ते सूत्र पुढे नेता आले, आणि १९६६ साली ते महाकार्य सिद्धीस गेले.

तेव्हा श्रोतेहो, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी अखेरची पंधरा मिनिटे कामासाठी खर्च न करता मेळासाठी राखून ठेवावी. काय झाले, काय उरले आणि सोमवारी पहिले पाऊल कोणते, एवढे तीन ओळींत लिहावे. जे आठवड्यामागून आठवडे नुसतेच पुढे ओढले जात आहे, ते खरोखर करावयाचे आहे काय, हेही विचारावे. नसेल तर त्यावर रेघ मारावी. आणि एका माणसाच्या आवाक्यापलीकडचेच काम अंगावर पडत असेल, तर दर आठवड्याची ही शिल्लक वरिष्ठांपुढे ठेवावयास उत्तम पुरावा ठरते. मग कागद खणात ठेवावा, खण लावावा आणि घरी जावे. तेथेही आपली वाट पाहणारी माणसे असतात.