ओळखीच्या साइटवरचा परका कोड

कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, की पहिला संशय त्या माणसावरच घेतला जातो. 'गेला असेल नको त्या साइटवर,' एवढं बोलून विषय संपतो. ज्याचं नुकसान झालं तो मग लाजेपोटी गप्प बसतो आणि बाकीचे, आपण बातम्या, बँक आणि सरकारी साइट सोडून कुठे जातच नाही, म्हणून निर्धास्त राहतात. पण साइट खात्रीची असली, म्हणून तिच्यावर चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर आपल्या ब्राउझरमध्ये येऊन चालू होणारा छोटा प्रोग्रॅम, खात्रीची असतेच असं नाही. साइटचे मालक यातल्या कितीतरी स्क्रिप्ट बाहेरच्या कंपन्यांकडून घेतात.

११ फेब्रुवारी २०१८ रोजी काय झालं ते पाहा. 'ब्राउजअलाउड' ही वाचायला अडचण असणाऱ्यांना पान मोठ्यानं वाचून दाखवणारी चांगली सोय. साइटवाल्यांनी आपल्या पानात एक ओळ घालायची, स्क्रिप्ट कंपनीच्या सर्व्हरवरून यायची. त्या एका स्क्रिप्टमध्ये कुणीतरी फेरफार केला आणि चार हजारांहून अधिक साइटना भेट देणाऱ्यांचे कॉम्प्युटर त्यांच्या नकळत 'मोनेरो' हे आभासी चलन मिळवण्यासाठी राबू लागले. त्यात ब्रिटनमध्ये नागरिकांच्या खासगी माहितीचं रक्षण करणाऱ्या माहिती आयुक्तांची साइटही होती! कुणी काही डाउनलोड केलं नव्हतं, कशावर क्लिकही केलं नव्हतं.

तिथे टॅब बंद केला की त्रास थांबत होता, कारण ब्राउझर स्क्रिप्टला आपल्या कुंपणाबाहेर जाऊ देत नाही. पण कुंपणाला फट असली तर? मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी यांसारख्या साइटवर जाहिरातींच्या जाळ्यातून आलेल्या स्क्रिप्ट अशाच फटी शोधत होत्या. त्यातल्या सिल्व्हरलाइट या ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममधल्या फटीवरचा अपडेट जानेवारीतच निघालेला होता. ज्यांनी तो घेतला, त्यांच्यापुरती ती वाट बंद होती. म्हणून 'नंतर आठवण करून द्या' हे बटण दाबत राहणं मला संशयास्पद साइटवर जाण्याइतकंच धोक्याचं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय ना? ते कुलूप एवढंच सांगतं, की आपलं बोलणं त्याच पत्त्याशी चाललं आहे आणि वाटेत कुणी ते वाचत नाही. पानात काय भरलंय, याची हमी ते देत नाही. अँटिव्हायरस हवाच, पण अगदी नवा कोड त्याच्याही नजरेतून निसटू शकतो. जाहिरातींतून येणाऱ्या स्क्रिप्टची वाट रोखायला ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारी सोयही बसवता येते. पण जाहिराती अडवल्या तर वर्तमानपत्रांनी जगायचं कसं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ज्या पत्राच्या जाहिराती पाहायला हरकत नाही, त्याला जरूर मुभा द्या. पण पान उघडताना जाहिरातीच्या जागेचा जो लिलाव होतो, त्यातून कुणाची जाहिरात येईल हे पत्रालाही ठाऊक नसतं, तेव्हा ती जोखीम वाचकाच्या माथी मारणं मला मान्य नाही.

ब्राउझरचं कुंपण आता बरंच भक्कम झालं आहे, त्यामुळे चोर आपल्याच हातून दार उघडून घेतात. 'मी रोबोट नाही' अशी चौकट येते. पुढची सूचना असते: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानावरच्या स्क्रिप्टनं घातक आज्ञा आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि ती चालवण्याचं काम आपण करतो. खरी तपासणी अशी बटणं कधीच दाबायला लावत नाही.

चुकून दाबलीच, तर नुसता टॅब बंद करून भागणार नाही. आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा, कारण चालू लॉगिनही चोरीला जातं. विंडोजच्या डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅन आहे, तो करा. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा, सूचना पाठवण्याची परवानगी कुणाकुणाला दिली आहे तेही पाहा. तरीही शंका उरली तर आपली कागदपत्रं आणि फोटो बाजूला काढून विंडोज नव्यानं टाका. हे फार होतं असं वाटेल, पण लपलेला प्रोग्रॅम पुन्हा पासवर्ड नेणार असेल तर अर्धवट सफाईचा उपयोग नाही. आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर हे सारं नंतर. आधी बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.