गेज ग्लासमधले पाणी

थळच्या खत कारखान्याची वाफ रायगडच्या किनाऱ्याला परिचित आहे. तिच्यामागची परीक्षा मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. अभियांत्रिकीची पदवी मिळाली म्हणून मोठा बॉयलर कोणाच्या स्वाधीन होत नाही. काही वर्षे प्रत्यक्ष काम करून, लेखी आणि तोंडी परीक्षा देऊन ‘बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर’चे प्रमाणपत्र मिळवावे लागते. बॉयलरवरील कायद्याचा हा धाक उगाच आलेला नाही. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला, म्हणून १८६४ चा बंगालचा कायदा आला. १९२३ च्या केंद्रीय कायद्याने प्रांतोप्रांतीचा गोंधळ मिटवला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

पाळी संपवून रात्री स्टीम टेबल उघडून बसणाऱ्या तरुणाला आकडेमोड फारशी अडवत नाही. कसोटी लागते ती तोंडी परीक्षेत. गेज ग्लासमधले पाणी दिसेनासे झाले, तर काय कराल? पुस्तकी उमेदवार चटकन म्हणतो, पाणी सोडीन! तापून लाल झालेल्या नळ्यांना ते पाणी लागले की क्षणात वाफ होते, आणि मग परीक्षा द्यायला कोणी उरत नाही. आधी आग बंद करायची, पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. प्रत्येक पाळीत गेज ग्लास तपासणाऱ्या जुन्या फायरमनला हे उत्तर पाठ करावे लागत नाही. उमेदवाराने चार रात्री त्याच्याजवळ बसावे.