मांबो?

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावातून मी बोलते आहे. इथं वाचनालयात बसून केनियातला एक जुना अभ्यास पुन्हा वाचला आणि त्यातला एक शब्द मनातून जाईना : ‘मांबो?’ स्वाहिलीत म्हणजे, ‘कसं काय?’

केनियातल्या तीन दवाखान्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या रुग्णांना दर आठवड्याला मोबाइलवर एवढंच विचारलं. दोन दिवसांत उत्तर द्यायचं : ‘सावा’ म्हणजे ठीक, ‘शिदा’ म्हणजे अडचण आहे. ‘शिदा’ आलं, किंवा काहीच आलं नाही, की दवाखान्यातून फोन यायचा. 538 रुग्णांचा हा अभ्यास 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मेसेज मिळणाऱ्यांपैकी 57 टक्के रुग्णांच्या रक्तातला विषाणू आटोक्यात आला, इतरांपैकी 48 टक्क्यांच्या.

त्या मेसेजमध्ये ना आजाराचं नाव, ना गोळीचं. हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या सांगलीच्या घरी बरीच वर्षं एकच मोबाइल होता, कोनाड्यात चार्जिंगला लावलेला. वाजला की जवळ असेल तो उचलणार, मेसेज आला की भाचा मोठ्यानं वाचून दाखवणार. अशा घरातल्या सुनेच्या नावे ‘गोळी घेतलीस का?’ असं आलं, तर तिनं काय सांगायचं?

आपल्याकडे दक्षिण भारतातही असा प्रयोग झाला. 631 रुग्ण, दोन वर्षं, दर आठवड्याला यंत्रानं आपोआप लावलेला फोन आणि एक चित्र. 2014 मध्ये निष्कर्ष आले : काहीच फरक पडला नाही. कारणं बरीच असतील. माझं मन मात्र एकाच गोष्टीपाशी अडतं, की ती हाक यंत्राची होती.

भारतात सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रांतून, या गोळ्या 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळू लागल्या. पण त्या रोज घ्याव्या लागतात, जन्मभर. वरचेवर खाडे झाले तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. आता या गोळ्या घेणारा बीडचा ऊसतोड कामगार डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर घेऊन घर सोडतो, तो पुढचे पाच-सहा महिने फडावरच. सिम बदलतं, रिचार्ज संपतो, आणि केंद्राच्या कागदावर जुनाच नंबर राहतो.

म्हणून तो निघण्याआधी गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या ताईंनी वहीत दोन नंबर लिहून घ्यावेत : एक त्याचा, दुसरा त्यानंच सांगितलेल्या भरवशाच्या माणसाचा. दर सोमवारी फोन करून एवढंच विचारावं, ‘काय, बरं आहे ना?’ उचलला नाही, तर मंगळवारी परत लावावा.