उळवीचा उतार आणि मागचा ब्रेक
(वसंत व्याख्यानमालेत उळवी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

माघी पौर्णिमेच्या सुमाराला चन्नबसवण्णांच्या यात्रेसाठी धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या येतात, त्या तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. बाराव्या शतकात चन्नबसवण्णांबरोबर कल्याणहून शरण (लिंगायत संत) मंडळी इथवर आली, तीही असल्याच रानातून. घाटात चालणाऱ्या गाडीला मागं आडवा लाकडी दांडा बांधलेला असे. उतार लागला की गाडीवान दोरी आवळी आणि दांडा चाकाच्या धावेवर घासू लागे. त्याला आपला ब्रेक दिसे, ऐकू येई, तापला तर वासही येई. आता त्याच वाटेनं ऑटोमॅटिक गिअरची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी येते आणि तिचा मागचा ब्रेक लोखंडी डब्यात बंद असतो. दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही, हे माझं आजचं गाऱ्हाणं.

2020 साली आलेली थार घ्या. पुढं डिस्क, मागं ड्रम. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू, त्यांवर लायनर. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर शू बाहेर ढकलतो आणि ते ड्रमला आतून घासतात. लुई रेनॉनं 1902 च्या सुमाराला ही रचना रूढ केली आणि ती अजून टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे आणि हँडब्रेक तिच्यात सहज बसतो. दोष मात्र मोठा, तोही घाटातला: तापला की ड्रम फुगतो आणि शूपासून लांब जातो. डिस्क तापली तर पॅडच्या जवळ येते. म्हणून उतारावर ड्रमवाल्या गाडीचं पेडल हळूहळू खाली जाऊ लागतं.

किती तापतो? माणसं आणि सामान धरून गाडी 2 टन, आणि घाटाची उतरण 500 मीटर धरा. ही सगळी उतरण ब्रेकच्याच जिवावर केलीत, तर जेवढी उष्णता निर्माण होते तेवढ्यावर सुमारे 30 लिटर गार पाण्याला उकळी येईल. ती चार चाकांत वाटली जाते आणि पुढच्या चाकांच्या वाट्याला जास्त येते हे खरं, पण डब्यात कोंडलेल्या मागच्या ब्रेकला वारा लागत नाही.

गिअरवाल्या गाडीत उतार आला की हात आपोआप दुसऱ्या गिअरकडं जातो. ऑटोमॅटिकचा चालक ‘डी’वर बसून पाय ब्रेकवर ठेवतो, आणि घाट संपेपर्यंत तो पाय उचलत नाही. अहो, त्या गाडीतही गिअर हातानं खाली आणता येतो! लिव्हर मॅन्युअलवर घ्या, दुसरा गिअर धरा, फारच खडा उतार असेल तर ‘फोर-एल’, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी हळू रेंज, लावा. इंजिनाला रोखू द्या. ‘हिल डिसेंट कंट्रोल’चं बटण दाबून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ते बटण ब्रेकच लावतं, फक्त तुमच्या पायाऐवजी एबीएसचा पंप लावतो. तापायचं ते तापतंच.

दुसरी गोष्ट चिखलाची. पावसाळ्यात गुंद-पोटोलीकडच्या कच्च्या वाटेवर एक चाक जागच्या जागी फिरू लागतं. पुष्कळ नव्या गाड्यांत त्या फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडं जावा. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर आणि मागचा लायनर झिजतो आहे! त्यात लाल माती ड्रमच्या फटीतून आत शिरते आणि पॉलिश कागदासारखी घासते. शहरातल्या गाडीचे लायनर अमुक इतके किलोमीटर टिकले, हा हिशोब जोयडा तालुक्यात लागू पडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडं येतो, कारण इथं जीव जाऊ शकतो. मागचा ब्रेक बघायला चाक उचलून काम करायचं तर गाडी कशानं थांबवणार? हँडब्रेक लावून चालणार नाही. तो मागच्याच शूंवर असतो, सोडल्याशिवाय ड्रम निघत नाही. मग लोक म्हणतात, “पी वर टाकली आहे की.” हा ‘पी’ म्हणजे गिअरबॉक्सच्या आत दात्यात अडकणारी एक बोटाएवढी खुंटी. ती प्रॉपेलर शाफ्ट अडवते, चाकं नव्हे. शाफ्ट आणि चाकं यांच्यामध्ये डिफरन्शियल आहे. शाफ्ट जाम असला तरी एक चाक पुढं आणि दुसरं उलटं फिरायला मोकळं असतं. दोन्ही चाकं जमिनीवर आहेत तोवर ते जमत नाही. एक चाक जॅकवर उचललंत की ते हवेत उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं फिरतं आणि ‘पी’वर असलेली गाडी जॅकवरून घसरते. ‘टू-एच’मध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर असताना, हा धोका पुरा. ‘फोर-एच’मध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन, मग ‘पी’ लावलंत तर पुढचा आसही अडतो, म्हणून चाक उचलण्याआधी तेवढं करावं. हे टू-एच, फोर-एच निवडणारा ट्रान्सफर केसचा दांडा चुकून ‘एन’वर (न्यूट्रलला) राहिला तर ‘पी’ नुसता नावाला. गाडी सपाटीवरही सरकेल. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, जागा सपाट, आणि जॅकनं उचलल्यावर चेसिसखाली स्टँड. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

ड्रम निघत नाही म्हणून हातोडा मारणारे मी पुष्कळ पाहिले. बहुतेक ड्रमवर दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले की ड्रम स्वतःच बाहेर येतो. आतली काळी धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपानं उडवू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि कुठल्या दुकानातून काय आलं ते कळत नाही. ओल्या फडक्यानं पुसा. एका वेळी एकच बाजू खोला. स्प्रिंगा कुठं आणि कशा होत्या ते विसरलात तर दुसऱ्या बाजूला बघता येतं. व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळतं आहे, आणि हबकडून तेलकटपणा आला असेल तर ऑइल सील गेला आहे. तेल पिलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. शू बदलायचे तर दोन्ही चाकांचे. ड्रमचा कमाल आतला व्यास बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो, तो ओलांडला असेल तर ड्रम भंगारात. ज्यांच्या गाडीत मागंही डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक आहे त्यांनी मात्र सर्व्हिस मोड लावल्याशिवाय मागच्या कॅलिपरला हात लावू नये, मोटरच मोडते.

लायनर-ड्रमसारखं ब्रेक ऑइलही बघायला हवं, कारण ते पाणी शोषतं. कोरडं असताना डॉट-4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी मुरलं की हा आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. इथल्या पावसात दोन वर्षांनी ते बदललंच पाहिजे.

राहिला हँडब्रेक. ‘पी’ आहे म्हणून तो कुणी ओढतच नाही, आणि केबल गंजून जाम होते. काही गाड्यांत तर शू आपोआप जवळ आणणारा अ‍ॅडजस्टर हँडब्रेक ओढल्यावरच फिरतो. चढावर थांबताना आधी पाय ब्रेकवर, लिव्हर न्यूट्रलला, मग हँडब्रेक. पाय सैल करून गाडीचा भार त्याच्यावर येऊ द्या आणि शेवटी ‘पी’. पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी राहणार असेल तर उलट करा: सपाटीवर, ‘पी’, चाकाला दगड आणि हँडब्रेक सोडलेला, नाहीतर ओला लायनर ड्रमला चिकटून बसतो.

मृग लागायला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्यात दांडेलीला जाणं होईल तेव्हा मागची दोन्ही चाकं खोलून घ्या, आणि मिस्त्री “पुढचे पॅड बघितले, पुरे” म्हणाला तरी ड्रम काढल्याशिवाय गॅरेजमधून उठू नका.