रस्त्याआधी मातीची चौकशी



आम्ही बँकेत खतावणी लिहिणारी माणसे. पुरातत्त्व हा आमचा व्यवसाय नव्हे. परंतु खातेवहीचे एक पान फाटले तर पुढचा सारा हिशेब कसा अडतो, हे आम्ही जाणतो. गावाची जुनी पांढर हीसुद्धा अशीच एक वही आहे. थरावर थर, पिढीमागून पिढीची नोंद. रस्त्याच्या भरावासाठी तिथली माती उचलली की खापरे, विटा, मणी सारे ट्रॉलीत जाते. एखादी वस्तू पुढे सापडेलही. पण ती कोणत्या थरातली, हे पुन्हा सांगता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात वाराणसीजवळ वरुणा नदीवर पूल बांधताना सारनाथच्या ४८ मूर्ती व कोरीव दगड नदीत टाकले गेले. कशासाठी? पुलाच्या खांबांना पाण्याचा मारा लागू नये म्हणून! दुसऱ्या पुलासाठी ५० ते ६० गाड्या दगड नेले.  ज्या भूमीवर भगवंतांनी पहिले प्रवचन दिले, तिची ही गत! त्याच सारनाथला १९०४-०५ साली ओर्टेल यांनी उत्खनन केले आणि अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष हाती आले. २६ जानेवारी १९५० पासून ते भारताचे राजचिन्ह आहे. आणि हे ओर्टेल कोण? बांधकाम खात्याचे अभियंता! म्हणजे बांधकाम हे इतिहासाचे वैरी नव्हे. न पाहता केलेले बांधकाम वैरी आहे.

पाहायचे म्हणजे कसे? आयर्लंडचे उदाहरण घेऊ. तेथे मीथ परगण्यातील शेतजमिनीतून एम-३ महामार्ग न्यायचा होता. अशा वेळी आधी जुने नकाशे व कागदपत्रे तपासतात, शेते पायी फिरून पाहतात, मग आखणीवर चाचणीचे चर खणतात. काही आढळले तर उत्खनन होते. या कामात २००७ साली लिसमुलिन येथे सुमारे ८० मीटर व्यासाचे लोहयुगीन वर्तुळ उजेडात आले. लाकडी खांब केव्हाच कुजले होते. उरले होते खड्ड्यांच्या मातीचे वेगळे रंग. यावरून तेथे मोठा वाद झाला. रस्ता वळला नाही. उत्खनन व नोंद करून २०१० साली तो खुला झाला. नोंद म्हणजे जतन नव्हे, हे खरे. पण चौकशीच झाली नसती, तर काय गमावले हेही कळले नसते.

आपल्याकडे १९५८ चा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई व त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. मात्र ज्या टेकाडाचे नाव कोणत्याही यादीत नाही, त्याला हे कुंपण नाही. तिथे गावकऱ्यांनीच जागे राहिले पाहिजे.

आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. रस्ता नाही म्हणून बाळंतीण वाटेत अडते, मुलींची शाळा सुटते. रस्ता हवाच. पण भरावाची माती कोठून आणणार, हा प्रश्न ग्रामसभेत काम सुरू होण्यापूर्वी विचारायला पैसा लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, गावी काही आढळले तर स्वतः खणू नका, वस्तू घरी नेऊ नका. जागेवरच छायाचित्र घ्या, गट क्रमांक लिहा. तहसीलदारांना आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका! आणि सापडलेले बौद्धच आहे, असे आधीच ठरवू नका. माती काय सांगते ते जाणकारांना वाचू द्या. ते कोणाचेही असो, आपल्या सर्वांच्या वहीचे ते पान आहे.

ते फाटू देऊ नका, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम.