हिरड्यांची खोल सफाई : समजूत आणि वस्तुस्थिती



दाताच्या डॉक्टरांकडून दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, ही समजूत वाघोलीपासून पुण्याच्या पेठांपर्यंत आजही ऐकू येते. या समजुतीपायी अनेक जण उपचार टाळतात आणि अखेरीस त्यांना कवळी पत्करावी लागते.

दातांवर जंतूंचा चिकट थर सतत साचत असतो. तो वेळीच निघाला नाही तर लाळेतील क्षारांमुळे टणक होतो. त्यालाच कीटण म्हणतात. १९६५ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवावयास सांगितले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. येथवर सारे हाती असते. परंतु कीटण हिरडीच्या आत उतरले की शिवणीचा टाका उसवावा तशी हिरडी दातापासून सुटते, तेथे खोबण तयार होते आणि आतले हाड झिजू लागते. पायोरिया म्हणतात तो हाच. तो बहुधा दुखत नाही, हीच मोठी फसगत. मिश्री आणि तंबाखू यांमुळे तो बळावतो. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येते, त्यामुळे रोग झाकलेलाच राहतो.

तपासणीत मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी लावून खोबणीची खोली मोजतात. १ ते ३ मि.मी. खोली निरोगी समजली जाते. ४ मि.मी. वा अधिक खोली असून रक्त येत असेल तर उपचाराचा विचार होतो. हाडाची स्थिती एक्स-रेवरून कळते. या आकड्यांचा तक्ता रुग्णाने मागून घेऊन जपावा, कारण पुढचा सारा हिशोब त्यावरच ताडायचा असतो.

खोल सफाईत मुळांवरचे कीटण काढले जाते. भूल दिलेली असल्याने इंजेक्शनच्या टोचणीनंतर सहसा वेदना होत नाहीत. दाब, यंत्राचा कंप, पाण्याचा फवारा आणि खरवडल्याचा आवाज मात्र जाणवतो. तो आवाज नकोसा असतो, हे मान्य केले पाहिजे. यंत्रानंतर वाकड्या टोकाच्या हत्यारांनी मुळे गुळगुळीत करतात. एका वेळी तोंडाचा पाव किंवा अर्धा भाग घेतला जात असल्याने बहुधा दोन ते चार खेपा होतात.

भूल दोन-तीन तास टिकते. तोवर जेवू नये, कारण गाल चावला गेला तरी कळत नाही. म्हणून चौविहार करणाऱ्यांनी सकाळची वेळ मागावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वीचे भोजन चुकत नाही. उपवासाच्या दिवशी हा उपचार ठेवू नये, मधुमेहींनी तर मुळीच ठेवू नये. एरवीही सायंकाळी पच्चक्खाण घेण्यापूर्वी दात घासून घ्यावेत.

एक-दोन दिवस थुंकीत रक्ताची छटा दिसते, हिरड्या हुळहुळतात. गार पाण्याने दात काही दिवस, क्वचित काही आठवडे सणकतात. रक्त थांबेना, सूज वाढली वा ताप आला तर तत्काळ डॉक्टरांना कळवावे.

आता त्या समजुतीविषयी. सूज उतरली की हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात आणि कीटण होते तेथे फट उघडी पडते. हाड गेल्यामुळे आधीच सैल झालेल्या दाताला कीटणाने टेकू दिलेला असतो. टेकू निघाला की सैलपणा लक्षात येतो आणि दोष सफाईवर जातो. गेलेले हाड या उपचाराने सहसा भरून येत नाही, हे खरे. परंतु उरलेले हाड वाचते आणि दातांचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. त्यांची आणि हृदयात कृत्रिम झडप असल्यास तिचीही माहिती आधी द्यावी. मधुमेहींना या उपचाराचा आणखी एक लाभ आहे. तीन-चार महिन्यांत त्यांच्या एचबीए१सी चाचणीचा आकडा सरासरी ०.४ इतका उतरल्याचे अभ्यासांत आढळले आहे.

खोबणी फार खोल राहिल्या तर शस्त्रक्रिया सुचविली जाते. तीत वापरली जाणारी हाडाची भुकटी किंवा पडदा पुष्कळदा गाय वा डुकरापासून मिळविलेला असतो. कृत्रिम पदार्थांचेही पर्याय उपलब्ध आहेत. श्रावकांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच ही विचारणा करावी. नुसत्या खोल सफाईत असा पदार्थ लागत नाही.

सहा आठवडे ते तीन महिन्यांनी त्याच सळईने पुन्हा मोजणी होते आणि पुढे बहुधा दर तीन-चार महिन्यांनी देखभालीची सफाई करावी लागते. खर्चाची अडचण असणाऱ्यांना पुण्यातील दंत महाविद्यालयांचा मार्ग मोकळा आहे. आझम कॅम्पसमधील रंगूनवाला आणि धनकवडीचे भारती विद्यापीठ ही त्यांपैकी दोन. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च सहसा कमी येतो, मात्र वेळ अधिक लागतो. वाघोलीहून जाणाऱ्याने नगर रस्त्यावरील वाहतुकीचा वेळही त्यात धरावा.